चौकटीच्या पाठीवर

भूमसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या घरांच्या बैठकीत मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेले पोपट किंवा ‘सुस्वागतम्’ काचेआड दिसते. बहुधा ते पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेले असते आणि काच थेट दोऱ्यांना टेकलेली असते. ही रीत आम्हांला मान्य नाही. डिंकाने कापड डागाळते, टेकलेल्या काचेमागे ओल धरते. कडा मागे वळवून दोऱ्याने ताणून बांधल्या आणि काच व कापड यांत माउंटची पट्टी घातली, तर काम टिकते. हवे तेव्हा सोडवताही येते.

परंतु खरा प्रश्न नावाचा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जपल्या, त्या रचणाऱ्या बायका मात्र बहुतांशी अनामच राहिल्या. तिथे उशीर झाला होता. इथे अनेक घरांत भरणारी अजून हयात आहे. चौकट करताना तिच्या गाठी मागे झाकल्या जाणारच; निदान त्या पाठीवर तिचे नाव व साल लिहावे. पोथी उतरवणारा लेखनिकसुद्धा शेवटी आपले नाव आणि शक नोंदवीत असे. अक्षर अन् अक्षर टाक्यांनी उमटवणारीला तेवढाही मान आपण देऊ नये काय?