जंगलाचा मालक कोण असावा?

इंग्लंडमधील ओक वृक्ष चांगले लाकूड देण्याजोगा व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात. लावतो एक, तोडतो त्याचा पणतू! मग अशा जंगलाचा मालक कोण असावा?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची तीव्र टंचाई भासली. तेव्हा देशाची जेमतेम ५ टक्के भूमी वनाखाली होती. म्हणून १९१९ मध्ये सरकारने वन आयोग स्थापून लागवड सुरू केली. पुढे जानेवारी २०११ मध्ये सरकारनेच इंग्लंडमधील सुमारे २,५८,००० हेक्टर सार्वजनिक वने विक्रीने वा भाडेपट्ट्याने इतरांकडे सोपविण्याचा प्रस्ताव मांडला. पाच लाखांहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या. १७ फेब्रुवारीला प्रस्ताव मागे घेतला गेला.

खाजगी मालक जंगल अधिक काळजीने राखील, असे विक्रीचे समर्थक म्हणतात. काही मालक राखतातही. पण हिशेब पाहा. लाकडाचे पैसे मालकाला मिळतात. मुळांनी धरलेली माती, जमिनीत मुरलेले पाणी, पानांनी शोषलेला कार्बन डायऑक्साइड यांचे पैसे तो कोणाकडे मागणार? हा लाभ कुंपणाबाहेरच्या सर्वांना होतो, म्हणून त्याच्या जमाखर्चात तो दिसतच नाही. अडचणीच्या वर्षी कुऱ्हाड चालते. आणि जुन्या जंगलातील माती, बुरशी, कीटक यांचे जाळे पुन्हा विणले जाण्यास शतके लागतात.

सरकारही चुकते, पण सरकारला जनता जाब विचारू शकते. म्हणून माझ्या मते सार्वजनिक वन सार्वजनिकच राहावे.

तुमच्या गावाजवळच्या वनाचा मालक कोण, ते शोधून काढाल ना?