टॅब हाती आला, माउसचे काय?

उमरीतला अकरावी-बारावीचा विद्यार्थी रोज बोटाने स्क्रीन सरकवत अभ्यास करतो. सीईटीच्या दिवशी मात्र त्याच्यासमोर संगणक असतो आणि हातात माउस. ही तफावत छोटी वाटते. पण तिची किंमत गुणांत मोजावी लागते.

टॅब कशासाठी?

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विज्ञान शाखेच्या निवडक विद्यार्थ्यांना 'महाज्योती' ही राज्य शासनाची संस्था जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब, इंटरनेट डेटा आणि ऑनलाइन मार्गदर्शन मोफत देते. शिकवणीसाठी मुलाला लातूर-नांदेडला खोली करून ठेवणे न परवडणाऱ्या घराला हा मोठा आधार आहे. पण टॅबवर शिकणे वेगळे आणि संगणकावर पेपर सोडवणे वेगळे.

परीक्षेत काय होते?

एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. गणिताच्या गटाला १५० प्रश्न, जीवशास्त्राच्या गटाला २००; वेळ १८० मिनिटे. पहिली ९० मिनिटे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राला, पुढची ९० गणित किंवा जीवशास्त्राला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे वेळ न पुरल्याने सुटलेला प्रत्येक प्रश्न हे निव्वळ नुकसान.

जेईई मेनमध्ये संख्यात्मक उत्तर कीबोर्डवर टाइप करता येत नाही. स्क्रीनवरच्या आकड्यांवर माउसने क्लिक करावे लागते. उत्तर निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता थेट दुसऱ्या प्रश्नाच्या क्रमांकावर गेले, तर ते उत्तर नोंदवले जात नाही. उत्तर येत असूनही गुण जातो.

घरी काय करता येईल?

● बहुतेक अँड्रॉइड टॅबला ओटीजी जोडणी लावून साधा यूएसबी माउस जोडता येतो. स्क्रीनवर बाण दिसू लागतो.

● टॅब आडवा ठेवावा. ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' निवडून एनटीए आणि सीईटी कक्षाच्या संकेतस्थळांवरील सराव चाचण्या सोडवाव्यात.

● आदल्या रात्री टॅब चार्ज आणि अपडेट करावा. चाचणीच्या वेळी नोटिफिकेशन बंद ठेवावीत.

● पूर्ण तीन तास, मध्ये न उठता पेपर सोडवावा. आकडेमोड कोऱ्या कागदावरच करावी.

खरा उपाय शाळेत

एवढे करूनही टॅबची स्क्रीन लहानच राहते. अनेक माध्यमिक शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत संगणक कक्ष आहे. अनेकदा तो तासापुरता उघडतो, नंतर कुलूप. परीक्षेआधीचे दोन महिने दर रविवारी तो सराव चाचणीसाठी उघडा ठेवला, तर नवे यंत्र घ्यावे लागणार नाही. एक शिक्षक, चालू वीज आणि वेळापत्रक पुरेसे आहे. टॅब वाटणाऱ्या योजनांनीही सोबत माउस आणि ओटीजी द्यावे. एकूण खर्चात ती भर किरकोळ आहे.

'विषय येत असेल तर माउस तासाभरात जमतो,' असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण तो तास उमरीच्या शाळेत गेला पाहिजे, परीक्षेच्या तीन तासांतून नव्हे. शहरातल्या मुलाच्या घरी संगणक असतो, म्हणून त्याला हा तास मोजावाच लागत नाही. गावातल्या मुलाला तो मिळवून देणे ही शाळेची आणि शासनाची जबाबदारी आहे.