रोलर आपण ओढायचा, टीम त्यांनी निवडायची

‘बॉलला जात कळत नाही.’ क्रिकेटमधल्या जातीचा विषय काढला की हे वाक्य आपल्या तोंडावर फेकलं जातं. कबूल. बॉलला कळत नाही. मग बॉलपासूनच सुरुवात करू.

मेरठ हे देशातलं क्रिकेटचा बॉल बनवायचं मोठं ठाणं. त्याच्या बाजूला शोभापूर आहे. तिथं तुरटी लावून या बॉलचं कातडं कमावणारे लोक जाटव आहेत, म्हणजे आपले चांभार भाऊ. पिढ्यान् पिढ्या त्यांचे हात त्या हौदात बुडालेत. गोरक्षणाच्या नावाखाली भीती बसली ती त्यांच्या धंद्यावर. बॉल पांढऱ्या कपड्यातल्या पोराच्या हातात पोचला की तो पवित्र होतो, कपाळाला लावला जातो. कातडं कमावणाऱ्याचं पोरगं मात्र त्या बॉलने खेळायला आलं की ‘आधी किट आण’ म्हणून परत पाठवलं जातं. बॉलला जात कळत नसेल, पण बॉलचा प्रवास जातीच्या रस्त्यानेच होतो.

दोस्तांनो, आज या देशात आंतरराष्ट्रीय खेळाडू घडवायचा पद्धतशीर कारखाना उभा आहे. चौदा वर्षांखालची टीम, सोळा वर्षांखालची विजय मर्चंट ट्रॉफी, एकोणीस वर्षांखालची कूचबिहार ट्रॉफी, मग रणजी, मग आयपीएल, मग निळा शर्ट. बंगलोरला २००० सालापासून बोर्डाची अकादमी आहे. मद्रासला १९८७ पासून फास्ट बॉलर घडवणारी संस्था आहे. पैसा तर एवढा की २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचं नुसतं प्रक्षेपण ४८,३९० कोटी रुपयांना विकलं गेलं. कारखाना झकास चाललाय. माझा सवाल कच्च्या मालाचा आहे. या कारखान्याच्या गेटमधून आत कोण जातं?

शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर गुण बघतात, हे मी मान्य करतो. पण खालच्या तीन पायऱ्या विकत घ्याव्या लागतात. पहिली पायरी लेदर बॉलची. वस्तीतलं पोरगं टेनिस बॉलवर वाढतं. सिमेंटच्या रस्त्यावर, दोन विटांचे स्टंप लावून. लेदर बॉल खेळायला पॅड लागतात, हेल्मेट लागतं, मुंबईच्या दुकानात चांगल्या इंग्लिश विलोच्या बॅटची किंमत विचारा, बापाचा महिन्याचा पगार संपतो. दुसरी पायरी नेटची. अकादमीची फी, जायचं-यायचं भाडं, अंडी-दूध. तिसरी पायरी वेळेची, आणि तीच सगळ्यात महाग. शाळा सुटल्यावर रोज तीन तास मैदानात घालवायचे, तर त्या तीन तासांत घरात कमावणारा दुसरा कुणीतरी लागतो. ज्या घरात पोरगं दहावीपासूनच डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावतं, त्या घराला हे तीन तास परवडत नाहीत. आणि हा खेळ थांबत नाही. चौदा गेलं, सोळा गेलं, एकोणीस गेलं की गाडी गेली.

आमच्या वस्तीतल्या एका पोराला घेऊन मी निवड चाचणीला गेलो होतो. डावखुरा, हातात जादू. मैदानावर शेकडो पोरं. त्याला सहा बॉल टाकायला मिळाले. त्यातला एक अर्धा तास वाट बघून आखडलेल्या हाताने टाकलेला. सातव्याच्या आधी ‘नेक्स्ट’. पायात कॅनव्हासचे बूट होते म्हणून पहिल्या दोन बॉलला तो घसरला. बाजूला स्पाइक घातलेल्या पोरांचे कोच निवडणाऱ्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून चहा पीत होते. कुणी त्याला जात विचारली नाही. विचारायची गरजच काय होती? बूट बघितले की काम झालं.

आता ते म्हणतील, गरिबाघरची पोरं येतातच की! उमेश यादव आला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा. सिराज आला, रिक्षावाल्याचा पोरगा. नटराजन आला, त्याची आई रस्त्यावर दुकान लावायची. आले, आणि आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण जरा नीट बघा, हे तिघेही कोण आहेत? बॉलर. बॉलिंगला अंग लागतं आणि हातात एक बॉल. बॅटिंगला किट लागतं, आणि समोर तासन् तास बॉल टाकणारा दुसऱ्याचा पोरगा लागतो. जे शरीर राबवून जमतं त्या दारातून गरीब आत शिरतो. जे भांडवल घालून जमतं ते दार अजून जड आहे. त्यातून यशस्वी जयस्वालसारखा एखादा बॅट्समन आझाद मैदानावर तंबूत झोपून वर येतो, तेव्हा हे लोक त्या तंबूचं कौतुक करतात. अरे, कोवळं पोरगं मैदानावर तंबूत झोपतं ही या शहराने मान खाली घालायची बाब आहे. एक वर आला. तंबूतच राहिलेल्यांची मोजदाद कुणी ठेवली?

हा बॉलर आणि बॅट्समनमधला फरक आजचा नाही. तो पालवणकर बाळूइतका जुना आहे.

बाळू चांभाराचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर कामाला. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, नेट बांधायचं. मग ग्रेग नावाच्या गोऱ्या बॅट्समनला सरावासाठी बॉल टाकायचे, तासन् तास, वर्षानुवर्षं. त्या बॉलिंगवर ग्रेगची बॅटिंग घडली. बाळूला त्या नेटमध्ये बॅट एकदाही दिली गेली नाही. राबणं त्याचं, खेळणं साहेबाचं. पुढे पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूला टीममध्ये घेतलं. मैदानात बॉल त्याच्या हातून घेतला. चहाच्या वेळी मात्र तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली. टीम सपाटून हरत होती आणि हा माणूस दुखऱ्या खांद्याने ११४ बळी घेऊन आला. तरी हिंदूंच्या टीमचा कप्तान तो कधी झाला नाही.

त्याचा भाऊ विठ्ठल झाला, १९२३ साली. पण कसा झाला ते आपल्याला शिकवलं जात नाही. विठ्ठलच्या बॅटीतून धावा वर्षानुवर्षं निघतच होत्या, तेवढ्याने भागलं नाही. १९२० साली कप्तानपदाच्या अन्यायावर या भावांनी जाहीर निषेध करून टीममधून अंग काढून घेतलं. तेव्हा कुठं प्रस्थापितांच्या बुडाला चटका बसला आणि तीन वर्षांनी कप्तानपद आलं. हा धडा पाठ करा. गुण दाखवून दार किलकिलं होतं. ते उघडतं नकाराने.

इथं आपल्यातलेच काहीजण नाक मुरडतात. म्हणतात, बाळूचं नाव नको. त्यानं पुणे कराराच्या वेळी दुसरी बाजू धरली. १९३७ साली काँग्रेसच्या तिकिटावर तो बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला. खरं आहे. उभा राहिला आणि पडला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. लोकांनी निकाल लावला, विषय संपला. पण हेही लक्षात ठेवा की इंग्लंडहून परत आलेल्या याच बाळूच्या मुंबईतल्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकर पुढे होते. बाबासाहेबांनी त्याचं राजकारण हरवलं. त्याचे बळी पुसले नाहीत. आपण पुसले तर फायदा कुणाचा? ज्यांना बाळू विसरायचाच आहे त्यांचा. आज बोर्डाच्या करंडकांवर रणजी आहे, दुलीप आहे, कूचबिहार आहे, मर्चंट आहे. राजे आणि गिरणीमालक. देशपातळीवरच्या एकाही करंडकावर बाळू नाही.

मैदानाचंही तेच. मुंबईत मरीन लाइन्सला समुद्राकाठी सरकारने धर्मवार जागा वाटल्या. पारशांना जिमखाना, मुसलमानांना जिमखाना, हिंदूंना जिमखाना. अस्पृश्यांना जागा कुठं होती? रोलर ओढायला. आणि दादरचं शिवाजी पार्क घ्या. इथं आचरेकर सरांच्या नेटमध्ये पोरं घडली. सचिन तेंडुलकरला चांगल्या क्रिकेटसाठी शाळा बदलून शारदाश्रममध्ये घातलं, सराव जवळ पडावा म्हणून तो पार्काजवळ नातेवाइकांकडे राहिला. त्याच्या गुणांबद्दल माझा काही वाद नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या गुणांना मैदान चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं. त्याच पार्कापासून हाकेच्या अंतरावर चैत्यभूमी आहे. सहा डिसेंबरला आपली लाखो माणसं त्या मैदानात पथारी टाकतात, तेव्हा आजूबाजूच्या पांढरपेशांना घाण दिसते, मैदान खराब होतं म्हणून ओरड होते. वर्षातून दोन-चार दिवस आपण तिथं निजलो तर मैदान बाटतं. बाकीचे दिवस ते कुणाचं असतं, हे विचारलं तर आपण जातीयवादी!

आता त्यांचं शेवटचं हत्यार : मेरिट. २०१७ साली रामदास आठवल्यांनी क्रिकेटमध्ये २५ टक्के राखीव जागा मागितल्या, तर देशभर हसले सगळे. राखीव जागांनी टीम बुडते म्हणे. मग दक्षिण आफ्रिकेकडे बघा. वर्णद्वेषाने त्यांचं क्रिकेट वीस वर्षं जगाबाहेर पडलं होतं. पुढे त्यांच्या विकास कार्यक्रमाने एमडिंगी खेड्यात गुरं राखणारा माखाया एन्टिनी शोधला, त्याला बूट दिले, शाळा दिली. त्यानं कसोटीत ३९० बळी घेतले. २०१६ साली त्यांच्या बोर्डाने जाहीर ठरवलं, की मोसमाच्या सरासरीत टीममध्ये किमान सहा बिगरगोरे हवेत, त्यातले किमान दोन काळे आफ्रिकन. तिकडेही मेरिट मेलं म्हणून छाती बडवणारे होते. २०२५ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून त्यांनी कसोटीचं जगज्जेतेपद घेतलं. कप्तान होता लांगा वस्तीत वाढलेला टेंबा बवुमा. आता बोला.

पण तिथला दुसरा धडा आपण गिळून टाकता कामा नये. तिकडचे बरेच काळे खेळाडू शेवटी पूर्वीच्या गोऱ्यांच्या, पैसेवाल्या शाळांतूनच वर आले. म्हणजे वस्तीतून एक पोरगं उचललं, मोठ्या शाळेत नेलं, घडवलं. वस्तीत मैदान झालं नाही. नुसती वरच्या टीममध्ये राखीव जागा मागून आपलं भागणार नाही. अकरापैकी दोन जागा मिळाल्या तरी खालच्या तीन पायऱ्या विकतच्याच राहिल्या, तर त्या दोन जागाही आपल्यातल्या बंगलेवाल्यांच्या पोरांना जातील. लढाई खालच्या पायरीवर द्यायची आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीन.

एक, मोजणी. बोर्ड सोळा वर्षांखालच्या पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय मोजतं. हाडाचं वय मोजायची यंत्रणा यांच्याकडे आहे, पोरगं कुठल्या समाजातून आलं ते मोजायची नाही. चौदा, सोळा, एकोणीस या प्रत्येक वयोगटात किती दलित, किती आदिवासी, किती भटके चाचणीला आले आणि किती निवडले, हे दरसाल जाहीर करा. बोर्ड माहिती अधिकाराखाली आणा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७५ व्या अहवालातच केली आहे. मोजायला घाबरतो तो काहीतरी लपवतो.

दोन, मैदान. समाजकल्याणच्या निवासी शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत. तिथं मॅटिंगची विकेट, दोन नेट, शाळेच्या मालकीचं किट आणि पगारी कोच. ४८,३९० कोटींतला चुरा पडला तरी होईल. आणि हे पोरींसाठीही, पहिल्या दिवसापासून. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आपल्या वस्तीतही फटाके वाजले. फटाके वाजवणाऱ्या पोरींच्या हातात बॅट कधी येणार?

तीन, नेटमध्ये राबणाऱ्या पोरांना मजुरी आणि बॅटिंग. जो पोरगा मोठ्या खेळाडूंना तासन् तास बॉल टाकतो, त्याला ठरलेला पैसा मिळालाच पाहिजे आणि त्याच नेटमध्ये पॅड बांधून उभं राहायचा हक्कही. बाळूची बाकी अजून फिटलेली नाही.

हे झालं त्यांना. आता आपल्याला.

चौदा एप्रिलला वस्तीवस्तीत टुर्नामेंट होतात. टेनिस बॉल, फ्लडलाइट, डीजे, नगरसेवकाचा फ्लेक्स, लाखाचं बक्षीस. मी त्या टुर्नामेंट खेळलोय, त्यांची मजा मला ठाऊक आहे. पण त्या टुर्नामेंटमधून पोरगं कुठं जातं? दुसऱ्या वस्तीच्या टुर्नामेंटमध्ये. नगरसेवकाला आपली गर्दी मिळते, आपल्याला चषक. अरे, त्या वर्गणीतला अर्धा पैसा बाजूला काढा. दहा वस्त्या एकत्र या, एक मॅटिंग घ्या, चार किट घ्या. ती कुणा एकाच्या बापाची नाही, मंडळाच्या मालकीची. बारा वर्षांच्या पोरांच्या हातात लेदर बॉल द्या. आणि निवड चाचणी असेल तिथं एकटं पोरगं पाठवू नका, दहा कार्यकर्ते जा. वही घेऊन जा. कोण आलं, किती बॉल मिळाले, कोण निवडलं, लिहून काढा. शाळेत प्रवेश नाकारला तर आपण मोर्चा काढतो, मैदानात नाकारला की ‘नशीब’ म्हणून घरी येतो. का?

खेळ म्हणजे टाइमपास समजू नका. करोडो माणसं ज्याला देश म्हणून टाळ्या वाजवतात, तो देश अकरा जणांचा असतो. त्या अकरांत आपण कुठं आहोत, हा सवाल मंदिराच्या पायरीएवढाच आणि तळ्याच्या पाण्याएवढाच मोठा आहे. महाडला आपण पाण्यावरचा हक्क मागितला होता. आता मैदान मागायचंय. मिळेपर्यंत रोलर ओढणार नाही, एवढं म्हणायची ताकद आधी अंगात आणा.

जय भीम.