ढगाळ दिवसाचा उजेड

“आभाळ भरून आलंय, आज कॅमेरा कशाला नेताय?” हा प्रश्न आमच्या घरात दर श्रावणात एकदा तरी होतो. मी वाद घालत नाही. कॅमेऱ्याला गुंडाळायला प्लॅस्टिकची पिशवी, दोन रबरबँड आणि भिंग पुसायला कोरडा रुमाल घेतो आणि कुऱ्ह्याच्या रस्त्यानं कौंडण्यपूरला निघतो.

आमच्या वऱ्हाडात ऊन आणि पाणी एका घरात सुखानं नांदत नाहीत. वैशाखात ऊन असं, की डोळे उघडवत नाहीत. तेव्हा नद्या वाळूत तोंड खुपसून पडलेल्या. पाणी येतं ते आभाळ घेऊनच. पोहणाऱ्या पोरांचे फोटो काढायला जो ‘चांगल्या उजेडाची’ वाट पाहील, त्याला आमच्याकडे फक्त वाळूचे फोटो मिळतील.

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. आषाढीला तिची पालखी इथूनच पंढरपूरला जाते. ती गेली, की काठ मोकळा होतो आणि श्रावणातली वर्धा पोरांच्या ताब्यात येते. कुणी मुटका मारतो, कुणी सूर मारतो, कुणी नुसताच पाठीवरून पाण्यात कोसळतो. काळ्या रानांवरून आलेलं पाणी चहासारखं गढूळ आणि वर राखाडी आभाळ. नवखा माणूस म्हणेल, यात फोटो काय काढायचा?

मी म्हणतो, हाच उजेड खरा. दुपारच्या उन्हात ओल्या अंगावर पांढरे चट्टे चमकतात आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. ढग म्हणजे आभाळभर ताणलेलं धोतर. उजेड त्यातून गाळून येतो. सूर मारणाऱ्याच्या बरगड्या, आवळलेले ओठ, घट्ट मिटलेले डोळे, सगळं दिसतं. फक्त आभाळ चौकटीत घ्यायचं नाही. कॅमेऱ्याचं मापयंत्र त्या पांढऱ्या पसाऱ्याला फसतं आणि पोरगं कोळशासारखं काळं येतं. म्हणून मी उंचावर उभा राहतो आणि खाली पाहतो. पोराच्या मागं गढूळ पाणी आलं, की उडणारा थेंब न् थेंब त्यावर उठून दिसतो. आभाळ टाळता येत नसेल, तर कॅमेरा सांगतो त्याच्या दुप्पट उजेड द्यावा.

अडचण आहे ती वेगाची. दाट ढगात उजेड कडक उन्हाच्या आठव्या हिश्शावर येतो. उडी गोठवायची तर सेकंदाचा ५००वा भाग हवा, आणि १००च्या फिल्मवर भिंग ५.६वर ठेवून जेमतेम १२५वा मिळायचा. हात-पाय पुसट. त्यावर उपाय उडीतच आहे. वर गेलेलं शरीर खाली येण्याआधी क्षणभर थबकतं, झोपाळ्याच्या टोकाला थबकावं तसं. तो क्षण साधला तर १२५वा भागही पुरतो. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात; होडी थबकत नाही, तेव्हा तिच्याबरोबर कॅमेराही फिरवत न्यावा. होडी स्पष्ट येते आणि काठ धावत सुटतो.

पावसाळी फोटोंचं आपलं वेड तसं जुनंच. न्यूझीलंडच्या ब्रायन ब्रेकनं १९६० साली भारतातला पावसाळा टिपला. पाऊस झेलणाऱ्या मुलीचं त्यातलं चित्र जगभर गाजलं. ती मुलगी म्हणजे पुढची अपर्णा सेन, आणि तिच्या अंगावरचा पाऊस झारीतला. मला त्यापेक्षा रघुवीर सिंग यांचं १९८५चं चित्र जवळचं वाटतं. बनारसला गंगेच्या पुरात एक माणूस सूर मारतोय. तो पूर काही कुणी झारीनं ओतलेला नव्हता.

आता जे सांगायचं टाळत होतो, ते सांगतो. १९९४च्या श्रावणात माझ्या रिळात दोनच फोटो उरले होते. बारा-तेरा वर्षांच्या एका पोरानं सुरेख सूर मारला आणि माझा क्षण हुकला. मी ओरडलो, “अजून एकदा! जरा उंचावरून!” तो वरच्या दगडावर चढला. फोटो मिळाला. पुढच्या फोटोसाठी मी खटका ओढला, तरी डोकं वर आलं नव्हतं. तो वर आला तो कितीतरी खाली, धारेला लागलेला. एका नावाड्यानं त्याला दंडाला धरून काढलं. खोकून झाल्यावर त्यानं विचारलं, “काका, आला काय फोटू?”

आला होता. रिळातला सगळ्यात चांगला तोच. मी तो कुठं लावला नाही.

वर सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचे दरवाजे उघडले, की खालचं पाणी फुगतं. इथं पाऊस नसला तरी. १४ सप्टेंबर २०२१ला याच नदीत, वरूड तालुक्यातल्या झुंजला नाव उलटली आणि एकाच नातेवाईक मंडळींतली ११ माणसं गेली. ढगाळ दिवशी पाण्यावर चमक नसते, भोवरा डोळ्याला दिसत नाही. जो उजेड फोटोला चांगला, तोच पोहणाऱ्याला फसवतो.

आजचे कॅमेरे सेकंदाला दहा-दहा फोटो घेतात, ३२०० संवेदनक्षमतेवरही चित्र स्वच्छ येतं. आता ‘अजून एकदा’ म्हणायचं तांत्रिक कारण उरलेलं नाही. तरी ते पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतं. काठावर दहा मोबाइल उभे असतात आणि प्रत्येकाला आपली वेगळी उडी हवी असते. पोरगं दमलंय, हे त्यांपैकी कुणालाच दिसत नाही. मला तर वाटतं, फोटो हुकला तर हुकू द्यावा. घरी जाऊन हळहळावं, पण काठावर तोंड उघडू नये. पाणी फुगलेलं असेल, तर कॅमेरा पिशवीतून काढूच नये. आपण पाहतोय एवढंच पोरांना पुरतं, उडी मारायला.

पोरं अजूनही विचारतात, “काका, मारू काय आणखी?” मी नाही म्हणतो आणि ती बाहेर येण्याची वाट पाहतो. मग ती पायऱ्यांवर कुडकुडत बसतात, एकाच टॉवेलात तिघं, ओठ निळे आणि दात वाजताहेत. हलत कुणी नाही. त्या उजेडात तो फोटो सेकंदाच्या ६०व्या भागातही येतो.