खोडदची शांतता कोणाच्या खात्यावर?

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतला माणूस अजूनही हळवा होतो. मंचर-नारायणगाववरून सरळ नाशिकला जाणारी गाडी ही या भागाची जुनी मागणी. २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी स्पष्ट केले, की नारायणगावजवळून जाणारा मार्ग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधक ठरतो, त्यामुळे गाडी शिर्डीच्या बाजूने न्यावी लागेल. त्यावर या पट्ट्यात नाराजी उमटली, यात नवल नाही. तारे पाहायचे म्हणून आमची गाडी का अडावी, हा प्रश्न शेतमाल घेऊन पुण्या-मुंबईच्या बाजाराकडे धावणाऱ्या माणसाला पडणारच.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर शोधायचे, तर खोडदच्या त्या तबकड्या नेमके काय करतात आणि त्यांना शांतता कशासाठी लागते, हे आधी समजून घ्यायला हवे. एकच काम उदाहरणादाखल घेऊ : आकाशगंगेच्या पट्ट्याची खानेसुमारी.

उन्हाळ्यात एखाद्या अंधाऱ्या गावी रात्री अंगणात पडून वर पाहिले, तर आकाशगंगेचा दुधी पट्टा दिसतो. आपली आकाशगंगा भाकरीसारखी चपटी आहे आणि आपण त्या भाकरीच्या आतच, केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर बसलो आहोत. म्हणून तिच्याकडे पाहताना ती कडेने, पट्ट्यासारखी दिसते. बहुतेक तारे याच पट्ट्यात जन्मतात आणि मरतात. पण इथेच धुळीचे दाट ढग आहेत. साध्या दुर्बिणीला केंद्रापर्यंतचे दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र ही धूळ सहज पार करतात. १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत कार्ल जान्स्की हा अभियंता दूरध्वनीतील खरखरीचे मूळ शोधत होता. त्यातली एक खरखर आकाशगंगेकडून येते, असे त्याला आढळले. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा एका खरखरीतून झाला.

त्यानंतर या पट्ट्याची पाहणी अनेकदा झाली. त्यातली एक महत्त्वाची पाहणी ‘कॉर्निश’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील व्हीएलए या दुर्बीण-समूहाने या पट्ट्याचा ११० चौरस अंशांचा भाग पाच हजार मेगाहर्ट्झवर बारकाईने तपासला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ३,०६२ स्रोत होते. पसरट ढगांना अशा पाहणीत फारसे स्थान नसते. शोध असतो तो लहानशा, ठिपक्यासारख्या स्रोतांचा.

हे ठिपके कोणाचे? काही नवजात, प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्यांचे. असा तारा पेटताच भोवतालचा वायू तापवून विद्युत्‌भारित करतो आणि तो वायू रेडिओ लहरी सोडू लागतो. काही ठिपके मरणासन्न ताऱ्यांनी टाकलेल्या वायूच्या कोषांचे. काही पल्सारचे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या गरगर फिरणाऱ्या गाभ्यांचे. आणि कितीतरी ठिपके तर आपल्या आकाशगंगेतले नसतातच; अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या परक्या दीर्घिका या पट्ट्याच्या पलीकडून डोकावत असतात. खानेसुमारीला आलेल्या माणसाला घरातली माणसे आणि पाहुणे वेगळे ओळखावे लागतात, तसेच हे.

इथे खोडदचे काम सुरू होते. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. पक्के की कच्चे, हे आवाजावरून कळते. खगोलशास्त्रज्ञही एकच ठिपका निरनिराळ्या तरंगलांबींवर ‘वाजवून’ पाहतात. नवजात ताऱ्याभोवतीचा दाट, तप्त वायू कमी मेगाहर्ट्झवर मंद पडतो. पल्सार आणि दूरच्या दीर्घिका बहुधा उलट वागतात. त्या कमी मेगाहर्ट्झवरच ठसठशीत दिसतात. व्हीएलएने वरच्या पट्टीतला सूर ऐकला, तर खालच्या पट्टीतला ऐकायला खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, लागते. या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाची पाहणी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत सहा लाखांहून अधिक स्रोत आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तरच कोण कोणता हे उलगडू लागते.

याचा आपल्याशी संबंध काय? आपण श्वासात घेतो तो प्राणवायू मुख्यतः अशाच प्रचंड ताऱ्यांच्या पोटात शिजला आणि त्यांच्या स्फोटांतून अवकाशात विखुरला. हे तारे जन्मतात किती आणि मरतात किती, हा हिशेब अजून जुळलेला नाही. आकाशगंगेत सुपरनोव्हा स्फोटांचे हजारावर अवशेष सापडायला हवेत, असा अंदाज आहे; नोंदले गेले आहेत सुमारे ३००. उरलेले याच पट्ट्याच्या गर्दीत लपलेले असणार.

आता शांततेचा मुद्दा. चंद्रावर कोणी मोबाइल चालू केला, तर पृथ्वीवरून तो आकाशातील सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. आपण ज्यांची मोजदाद करतो आहोत, ते ठिपके त्याहून हजारो पटींनी क्षीण आहेत. विजेवरच्या रेल्वेत वरची तार आणि गाडी यांच्या घर्षणस्थानी ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी सर्व मेगाहर्ट्झवर एकदम ओरडते. रात्रीपुरती गाडी बंद ठेवली तरी भागत नाही, कारण रेडिओ दुर्बीण दिवसाही आणि ढगाळ हवेतही काम करते. २००२ मध्ये व्हीएलएला आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने दर ७७ मिनिटांनी, दहा-दहा मिनिटांचे पाच उद्रेक टिपता आले. पुढे २००३ च्या नोंदींत जीएमआरटीलाही त्याच स्रोताचा एक उद्रेक सापडला. असा क्षणिक पाहुणा खरा की जवळच्या एखाद्या यंत्राची खरखर, हे शांत जागीच ठरवता येते.

मग दुर्बीणच दुसरीकडे का नेऊ नये? प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोर आणि जाळीची स्वस्त रचना योजून त्या उभ्या केल्या. पुण्याच्या जवळ असूनही ही जागा शांत, शिवाय इथून आकाशगंगेचे केंद्र क्षितिजावर ४० अंशांहून अधिक चढते. हे सगळे उचलून नेण्यासारखे नाही.

तेव्हा मार्ग बदलण्याचा निर्णय शास्त्राच्या कसोटीवर योग्यच आहे. पण इथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही शांतता फुकटची नाही. तिची किंमत या खोऱ्याने भरली आहे. अमेरिकेने १९५८ मध्ये ग्रीन बँकभोवती सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचे शांतता क्षेत्र आखले. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे शांतता हीदेखील धरणासारखी सार्वजनिक मालमत्ता आहे आणि धरण म्हटले की विस्थापितांचा प्रश्न येतोच.

शिवाय गोंगाट आता जमिनीवरूनच येतो असेही नाही. २०२३ मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीने स्टारलिंकच्या ६८ उपग्रहांकडे पाहिले, तेव्हा त्यांतील ४७ उपग्रहांकडून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये अनाहूत लहरी येताना आढळल्या. खोडदची दुर्बीण ज्या पट्ट्यात ऐकते, त्यातलाच हा भाग. रेल्वेचा रूळ चाळीस-पन्नास किलोमीटर सरकवता येतो. डोक्यावरून जाणारा उपग्रह कुठे सरकवणार? जुन्नरच्या शेतकऱ्याने दुर्बिणीसाठी गाडीवर पाणी सोडायचे आणि उपग्रह कंपन्यांना मात्र कोणी जाब विचारायचा नाही, हा न्याय नव्हे. भारतात उपग्रह इंटरनेटचे परवाने दिले गेले आहेत. अशा परवान्यांत दुर्बिणींच्या संरक्षणाच्या अटी घालणे सरकारच्या हातात आहे.

आणि खोऱ्याचे देणे? मूळ मार्गावरच्या तालुक्यांना पुण्याशी जोडणारी दुसरी चांगली सोय, शेतमालाच्या वाहतुकीची व्यवस्था, इथल्या मुलांना या संस्थेत शिकण्याची वाट, एवढे तरी मागणे रास्त आहे. विज्ञान दिनाला खोडदला शाळकरी पोरांची झुंबड उडते. त्या पोरांना तबकडीकडे बोट दाखवून, ‘हिच्यामुळे आपली गाडी गेली’ एवढेच सांगायचे, की ‘हिच्यासाठी आपण काहीतरी दिले आणि त्याची परतफेडही झाली’ असे सांगायचे, हे अजून ठरायचे आहे. ते ठरवणे आकाशाच्या नव्हे, आपल्याच हातात आहे.