मेहुण्यांच्या काठ्या

मराठी शिकवणाऱ्या माणसाने दिवाळी अंकात लिहावयाचे म्हणजे फराळ, फटाके किंवा हरवलेले बालपण यांपैकी काहीतरी, असा आमच्या स्टाफरूमचा समज आहे. यंदा मी गोल्फवर लिहिणार असे म्हणताच तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारले, "पगार वाढला वाटतं?"

पगार वाढलेला नाही. वाढले आहे ते पोट. आणि गोल्फ माझ्या घरी आला तो पैशाच्या वाटेने नव्हे, भाऊबीजेच्या वाटेने.

माझे थोरले मेहुणे सैन्यात कर्नल होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. उंची सहा फूट एक इंच, आवाज त्याहून उंच. निवृत्तीनंतर आठवड्यातून चार दिवस गोल्फ, आणि उरलेले तीन दिवस गोल्फविषयी बोलणे, असा त्यांचा क्रम होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. खांदा बरा झाला, पण स्वारी मैदानावर जाईना. गेल्या भाऊबीजेला ते आले ते डाव्या खांद्यावर एक लांबलचक काळी पिशवी घेऊन. बहिणीच्या ताटात पाकीट ठेवले आणि पिशवी माझ्यासमोर उभी केली.

"प्रोफेसर, हे आता तुमचं. माझं संपलं."

मराठीच्या माणसाला क्रियापदाचे वजन कळते. त्या 'संपलं'पुढे नको म्हणण्याची माझी छाती झाली नाही.

ज्यांनी गोल्फ फक्त येरवड्याच्या कुंपणापलीकडून, बसच्या खिडकीतून पाहिला आहे, त्यांच्यासाठी पिशवीत काय असते ते सांगतो. गोल्फच्या काठीलाही क्लब म्हणतात आणि जिथे सभासद होतात त्यालाही क्लबच. घोटाळा नको म्हणून मी आपला काठीच म्हणेन. एका खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात. पूर्वी काही खेळाडू वीस-पंचवीस घेऊन हिंडत. १९३८ साली अमेरिकेत आणि पुढल्याच वर्षी ब्रिटनमध्ये नियमाने त्यांना आवरले. सगळ्यांत लांब काठी ती ड्रायव्हर. पहिल्या फटक्याला चेंडू छोट्या खुंटीवर ठेवून ती वापरतात. लोखंडी पात्यांच्या त्या आयर्न. त्यांना आज नुसते आकडे आहेत, पण एके काळी छान नावे होती. पाच नंबरच्या जागी मॅशी, नऊच्या जागी निब्लिक आणि लाकडी काठ्यांत तळाला पितळी पत्रा बसवलेली ती ब्रासी. नावे जाऊन आकडे आले की भाषेचा माणूस हळहळतो. पण खरी गंमत पुढेच आहे, कारण ते आकडेही खरे राहिलेले नाहीत.

अण्णांच्या ओळखीने एका मैदानावर माझा रविवार सकाळचा अभ्यास सुरू झाला. चार महिने मी घाम गाळला. निष्पन्न असे की आयर्नने मारलेला चेंडू डावीकडे जाई आणि ड्रायव्हरने मारलेला उजवीकडे. राजकारणात असे चालून जाते. गोल्फमध्ये दोन्हीकडे झुडपेच असतात. दर रविवारी संध्याकाळी अण्णांचा फोन येई. "कसा जातोय चेंडू?" आणि मी सांगे, "छान जातोय, अण्णा." आयुष्यभर विद्यार्थ्यांना खरे लिहा म्हणून सांगितले, आणि दर रविवारी हे असे.

शेवटी माझ्या कॅडीला राहवेना. तो म्हणाला, "सर, तुमचा हात वाईट नाही. काठी तुमची नाही."

त्या वाक्यासरशी मला आमच्या आळीतला विटीदांडू आठवला. दांडू कोणी कोणाचा घेत नसे. सुताराकडून लाकडाचा तुकडा आणायचा, आपल्या हाताने मापायचा, मुठीत बसेपर्यंत तासायचा. उंच पोराचा दांडू घेऊन खेळणारा ठेंगू पोर विटीऐवजी जमीन उकरी आणि सगळे त्याला हसत. दहाव्या वर्षी जे शहाणपण होते ते पंचेचाळिसाव्या वर्षी मी मेहुण्यांच्या भिडेपोटी गहाण टाकले होते. मी पाच फूट पाच इंच!

काठ्या माणसाच्या मापाने जुळवून देणारे जाणकार आता आपल्याकडेही आहेत. मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे जायचे ठरवले. अण्णांना सांगणे भाग होते. ते म्हणाले, "थोतांड आहे. बॅलेस्टेरोस समुद्राच्या वाळूत एका तीन नंबरच्या आयर्नवर खेळ शिकला. मी येतो बरोबर. तुम्हाला फसवतील." आणि आले.

तो जाणकार म्हणजे तिशीतला एक शांत तरुण होता. बॅलेस्टेरोसचे उदाहरण ऐकून तो म्हणाला, "खरं आहे, साहेब. पण तेव्हा तो लहान मुलगा होता. मूल काठीप्रमाणे वळतं. सरांना आता काठीनं वळून घ्यायला हवं." अण्णा काही बोलले नाहीत. मला मात्र तो मुलगा आवडला.

आधी त्याने आयर्न घेतल्या. चेंडूवर शाईची एक रेघ ओढली, ती काठीच्या तोंडासमोर उभी येईल असा चेंडू ठेवला आणि मला मारायला सांगितले. रेघेचा ठसा काठीच्या तोंडावर उमटला, तो तिरपा. दांडा आणि जमीन यांच्यातला कोन माणसाच्या उंचीला आणि उभे राहण्याच्या ढबीला जुळावा लागतो. अण्णांच्या काठ्या लांब आणि उभट. माझ्या हाती त्यांची टाच जमिनीला टेके, नाक वर राही, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचे नाक वर राहिले की चेंडू डावीकडे जातो. चार महिने मी माझ्या मनगटांना शिव्या देत होतो. मनगटे बिचारी निर्दोष होती.

दुसरी गोष्ट पात्याची. अण्णांची पाती पातळ, सुरीसारखी. त्यांना ब्लेड म्हणतात. चेंडू बरोबर मध्यावर लागला तर त्यासारखे सुख नाही. अर्धा इंच चुकला की काठी हातात वळते आणि चेंडू रुसतो. दुसऱ्या प्रकारात पात्याच्या पाठीला पोकळी ठेवून वजन कडेने वाटलेले असते. हा विचार खेळात रुजवणाऱ्यांत कार्स्टन सॉल्हाइम या इंजिनियरचे नाव मोठे आहे. त्याने १९५९ मध्ये आपल्या गॅरेजात काठ्या करायला सुरुवात केली आणि पुढे 'पिंग' ही कंपनी उभी केली. कडेला वजन असल्याने काय होते? डोंबारी दोरीवरून चालताना लांब काठी आडवी का धरतो ते आठवा. वजन टोकांना असले की वस्तू सहजासहजी वळत नाही. माझे १२ चेंडू पात्यावर १२ ठिकाणी लागले होते. मला क्षमाशील काठी हवी होती.

आता आकड्यांची गंमत. पात्याच्या तिरपेपणाला लॉफ्ट म्हणतात. पन्नासएक वर्षांपूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३५-३६ अंश असे. आज नवख्यांसाठी केलेल्या पुष्कळ सात नंबरी काठ्या ३० अंशांच्या किंवा त्याहूनही कमी असतात. म्हणजे जुन्या पाचाच्या जवळपासची काठी आज सात म्हणून विकतात, आणि गिऱ्हाईक खूश होतो की माझी सात नंबरची काठी काय लांब मारते! पूर्वीचे साठ टक्के आणि आजचे ऐंशी टक्के तपासत आलेल्या मला हे पटकन समजले. दोन आयर्न ताडून पाहायच्या तर तळावरचा आकडा न पाहता लॉफ्ट विचारावा.

मग ड्रायव्हर. इथला न्याय निराळा. आयर्नचा घाव उतरता बसतो, आधी चेंडू आणि मग गवत. ड्रायव्हरचा किंचित चढता. आयर्नकडून ठरावीक अंतर हवे, ड्रायव्हरकडून लांबी. पूर्वी ड्रायव्हरचे डोके पर्सिमनच्या लाकडाचे असे. ज्या तेंदूच्या पानांच्या विड्या वळतात त्याच कुळातले हे झाड. १९७९ मध्ये 'टेलरमेड'ने पोलादी डोके बाजारात आणले, नव्वदीत टायटॅनियम आले, आणि डोके फुगत फुगत ४६० घन सेंटिमीटरवर गेले. तिथे नियमाने त्याला थांबवले. मोठे डोके चूक पोटात घालते, हे खरे. पण लॉफ्ट आणि दांडा चुकला तर डोके काय करणार?

अण्णांचा ड्रायव्हर नऊ अंशांचा, दांड्यावर 'एस' म्हणजे ताठ. रडारच्या यंत्राने माझ्या काठीचा वेग ताशी ८४ मैल दाखवला. इतक्या वेगाला नऊ अंश म्हणजे दारू कमी भरलेला बाण बाटलीत आडवा ठेवण्यासारखे आहे. तो आभाळात जात नाही, शेजाऱ्यांच्या ओट्यावर जातो. वर ताठ दांडा. हळू फिरवणाऱ्याच्या हाती तो वेळेवर लवत नाही, काठीचे तोंड उघडे राहण्याकडे कल होतो आणि चेंडू खालून उजवीकडे पळतो. त्या मुलाने मला १२ अंशांचा, 'आर' म्हणजे मध्यम दांड्याचा ड्रायव्हर दिला. चेंडू १५५ यार्ड जात होता तो १७८ गेला, आणि मुख्य म्हणजे समोर गेला. तो हेही म्हणाला की ही अक्षरे कोणत्याही एका मापाने बांधलेली नाहीत. एका कंपनीचा 'आर' दुसरीच्या 'एस'इतका ताठ असू शकतो. म्हणून अक्षरावर विसंबू नये, मारून पाहावे. आणि पाहताना सगळ्यांत लांब गेलेला चेंडू विसरावा. बाराही चेंडू कुठे कुठे पडले ते पाहावे. मला हे वाक्य परीक्षेच्या पद्धतीविषयी मंडळाला कळवावेसे वाटले.

इतका वेळ अण्णा खुर्चीत बसून होते. एकाएकी उठले. "आणा इकडे. यंत्र खरं बोलतं का बघू." स्वतःचा जुना ड्रायव्हर त्यांनी उचलला. एके काळी त्यांचा वेग १०५ होता, हे आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. फटका झाला. पडद्यावर आकडा आला ७८. त्यांनी पुन्हा मारला. ७७.

मला कुठे पाहावे कळेना. दोन वर्षे हा माणूस मैदानावर का गेला नव्हता, ते मला त्या पडद्यावर दिसले. खांदा दुखत नव्हता. चेंडू कुठवर जातो ते चारचौघांना दिसले असते.

तो मुलगा मोठा समंजस. काही न बोलता त्याने एक हलका ड्रायव्हर अण्णांच्या हाती दिला, दांड्यावरच्या अक्षरावर स्वतःचा अंगठा ठेवून. अण्णांनी मारला. चेंडू उंच चढला, क्षणभर वर राहिला आणि सावकाश उतरला. अण्णांचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी तसा पाहिला.

"काय आहे हे?"

"'ए' आहे, साहेब."

"'ए' म्हणजे?"

मुलगा घुटमळला. बाजारात 'ए'ला ज्येष्ठांचा दांडा म्हणतात, आणि ज्येष्ठांपैकी कोणीही तो राजीखुशीने घेत नाही. मी म्हणालो, "अण्णा, आमच्या कॉलेजात 'ए' म्हणजे पहिली श्रेणी. 'एस' आम्ही कोणालाच देत नाही."

अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग मोठ्याने हसले. "मग द्या ती पहिली श्रेणी!"

पुढचे थोडक्यात सांगतो. अण्णांची पाती त्यांच्याकडे परत गेली. पोलादी दांडे काढून त्यांना हलके ग्राफाइटचे दांडे बसवले, खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून. मी पोकळ पाठीचा एक वापरलेला संच घेतला, आखूड करून आणि कोन वाकवून. तीन आणि चार नंबरच्या आयर्न घेतल्याच नाहीत. माझ्या वेगाला त्या दोघी आणि पाच नंबर जवळजवळ सारख्याच अंतरावर चेंडू टाकतात. त्यांच्या जागी बुटक्या जाड डोक्याची एक हायब्रिड पुरते. नवा संच घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे: आपल्याला जसा स्विंग असावासा वाटतो त्यासाठी काठी घेऊ नका, जसा आहे त्यासाठी घ्या. तो कसा आहे हे कळायला मात्र थोडे धैर्य लागते, आणि ते दुकानात मिळत नाही.

परवा रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघे पहिल्या खुंटीवर होतो. अण्णांचा चेंडू सरळ गेला. माझाही गेला आणि त्यांच्या पुढे दहा पावलांवर थांबला. अण्णा थोडा वेळ दोन्ही चेंडूंकडे पाहत राहिले.

"वारा होता," ते म्हणाले.

झाडाचे पानही हलत नव्हते.

"होता खरा, अण्णा," मी म्हणालो, आणि कॅडीने पिशवी उचलली.