वसतिगृहातला शेजार

विद्यापीठाच्या आवारात निरनिराळ्या जातिधर्मांच्या, भाषांच्या मुलामुलींनी एकत्र राहावे, असे म्हटले की आपल्याकडे लगेच समतेची आणि सामाजिक न्यायाची भाषा सुरू होते. ती भाषा खोटी नाही. पण ती बोलणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा एक दंभ दडलेला असतो: सोबत राहणे म्हणजे वरच्याने खालच्यावर केलेला उपकार. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. अशा सहवासाचा पहिला लाभार्थी तोच, जो स्वतःला दाता समजतो. आणि हा लाभ निव्वळ व्यक्तिगत, जवळजवळ स्वार्थी म्हणावा असा आहे.

आम्ही मराठी शिकवतो, म्हणून आधी भाषेचेच पाहू. हिंगोली जिल्ह्याचे तालुके अवघे पाच. पण तांड्यावरची गोरमाटी, मोहल्ल्यातली दखनी, कळमनुरी-औंढ्याकडच्या आंध आदिवासींची बोली आणि गावागणिक वळण बदलणारी मराठी, एवढे सगळे आवाज या पाच तालुक्यांत नांदतात. वर्गात ते एका बाकावर बसतात आणि गप्प बसतात, कारण तिथे प्रमाणभाषेचे राज्य. ते बोलते होतात जेवणाच्या रांगेत, कपडे वाळत घालताना, परीक्षेच्या आदल्या रात्री. दलित आत्मकथने आम्ही अभ्यासक्रमात लावतो, विद्यार्थी त्यांवरची उत्तरे पाठ करतात. पण पुस्तकातली भूक त्यांच्यासाठी दहा-वीस गुणांची असते. शेजारच्या खाटेवरचा मुलगा महिनाअखेरीस मेसकडे का फिरकत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याचे वाचन निराळे होते. हे आम्ही कुठल्याही सिद्धान्ताच्या आधारे सांगत नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही ते दिसते.

१९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेले बाबासाहेब आंबेडकर तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहिले. नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जुळली ती तिथे. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीसाठी आल्यावर मात्र त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले आणि जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. भथेनाही पारशी आणि लाठीवालेही पारशी! फरक एवढाच की, एकाने आंबेडकरांच्या शेजारी दिवस काढले होते. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले तेव्हा भथेनांनी त्यांना पैसे उसने दिले. हा आंबेडकरांचा लाभ झाला. भथेनांना काय मिळाले? आमच्या मते, बडोद्याच्या त्या जमावातले एक होण्यापासून ते वाचले. हा लाभ लहान नव्हे.

आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण हवे असेल तर तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाचे घ्यावे. दलित रंगभूमीच्या इतिहासात ज्याचे नाव आधी येते ते ‘युगयात्रा’ नाटक लिहिले मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी, आणि ते दलितेतर होते. नागसेनवनातला तो सहवास नसता तर त्यांच्या हातून हे नाटक झाले नसते, असे आम्हांला वाटते. पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख सोबत घेऊन आले. एका परिसराने दिलेले दुसऱ्या परिसरात असे रुजते.

यावर कोणी शाहू महाराजांकडे बोट दाखवील. १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी काढलेले वसतिगृह व्यवहारात एकाच जातीच्या हाती गेले, म्हणून १९०१ पासून महाराजांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी स्वतंत्र वसतिगृहे उभारण्याचा मार्ग धरला. ती त्या काळाची गरज होती. पण कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनीच १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले गेले. आज आपण साताऱ्याहून पुन्हा कोल्हापूरकडे निघालो आहोत, आणि महाराजांसमोरचे कारण काय होते याचा विचारही न करता. प्रत्येक प्रवर्गाचे वसतिगृह वेगळे, त्याचे खाते वेगळे. तिथे जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून ‘स्वाधार’, ‘स्वयं’ अशा योजनांतून पैसे मिळतात. ते मिळायलाच हवेत. उशिरा मिळतात ही वेगळी तक्रार. पण त्या पैशांतून मुलगा घेतो काय? आडनाव विचारून भाड्याने दिलेली खोली, तीही आपल्याच लोकांच्या गल्लीत. गाव सोडून तो शहरात येतो आणि गावातलीच आळी त्याला पुन्हा भेटते.

आणखी एक आक्षेप आम्हांला अधिक गंभीर वाटतो. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठ वीस वर्षांचे झाले होते, सर्व जातींची मुले तिथे शिकत होती. तरी नामांतराच्या ठरावानंतर गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. मग एकत्र शिकून काय मिळाले? याचे एक उत्तर असे की, एका वर्गात बसणे म्हणजे एकत्र राहणे नव्हे. पण ते पुरत नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात पाच दलित संशोधक विद्यार्थी वसतिगृहातच राहत होते. त्यांना तिथून काढले गेले आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्यातल्या रोहित वेमुलाने आत्महत्या केली. तेव्हा छप्पर एक असून भागत नाही. त्या छपराखालून कोणाला बाहेर काढायचे हे ठरवणारे कोण, हे आधी पाहावे लागते. वसतिगृहाच्या समितीवर तिथे राहणाऱ्या सर्व थरांतील मुलामुलींना मत असले पाहिजे, हा आमचा आग्रह त्यामुळेच आहे.

बाकी मागणी साधी आहे. विद्यापीठांनी आणि तालुक्याच्या महाविद्यालयांनी खोल्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करावे. प्रवर्ग शुल्कमाफीसाठी पाहावा, खाटेसाठी पाहू नये. मेस एकच असावी. त्याच गावात घर असलेल्या सुखवस्तू मुलांनाही निदान एक वर्ष वसतिगृहात राहायला लावावे, कारण सर्वांत जास्त शिकायचे आहे ते त्यांनाच. पालक विरोध करतील, जेवणावरून तर नक्कीच. त्यांना पहिले सत्र संपेपर्यंत थांबायला सांगावे.